काजूच्या भट्टीवर एक दिवस: सावंतवाडीहून फेणी-सहल कशी आखावी

द्राक्षाची वाइन चाखायची तर नाशिक गाठावं लागतं, आणि वेंगुर्ला-कुडाळ-सावंतवाडीकडच्या माणसाला ते एका दिवसात जमण्यासारखं नाही. पण बांदा किंवा दोडामार्ग ओलांडलं की तासा-दीड तासात गोव्यातल्या काजूच्या भट्ट्या लागतात. आपल्या बागेत ज्या बोंडूचा सडा पडतो आणि बी काढून घेतल्यावर जो बहुतेकदा तिथेच कुजतो, त्याच बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसापासून तिथे उर्राक आणि फेणी ही दारू गाळतात. गोव्याच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हणून जाहीर केलं. गटाने जाऊन नीट समजून घ्यावी, चाखावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती एका दिवसात होते.

पुढचा आराखडा चौदा माणसं, एप्रिल महिना आणि सावंतवाडीच्या मोती तलावावरून सुरुवात असा धरून केला आहे: सकाळी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली भट्टी, दुपारी म्हापशात जेवण, मग कांदोळीतलं दारूचं संग्रहालय. कुडाळ किंवा वेंगुर्ल्याहून येणाऱ्यांनी त्यात पाऊण तास वाढवावा, मालवणवाल्यांनी दीड तास.

महिना आणि वार

भट्टी घड्याळावर चालत नाही, बोंडूवर चालते. फेणीसाठी झाडावरचा बोंडू तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलाच गोळा करतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेला हंगाम मेमध्ये संपतो, आणि पाहण्यासारखा काळ म्हणजे मार्चच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत. मेमध्ये वळवाचा पाऊस झाला की पडलेलं फळ लगेच नासतं आणि भट्ट्या भराभर बंद होतात. उर्राक तर हंगामातच मिळतो. तो टिकत नाही, म्हणून फेणीसारखा वर्षभर दुकानात दिसत नाही. जूननंतर कुणी 'भट्टी दाखवतो' म्हणाला तर थंड चूल आणि रिकामी भांडी बघायची तयारी ठेवा.

वार निवडताना शुक्रवार टाळा. त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो आणि शहरातून गाडी बाहेर काढायला पाऊण तास सहज जातो. रविवारी कळंगुट-कांदोळीचा रस्ता दुपारनंतर तुंबतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार सगळ्यांत चांगले. नोकरीमुळे सुट्टीच्याच दिवशी जमणार असेल तर शनिवार धरा आणि कांदोळीतून चारच्या आत निघा. मार्च-एप्रिलमध्येच शिगमो आणि गुड फ्रायडेचा आठवडा येतो, तेव्हा अनेक ठिकाणी माणसं कामावर नसतात. निवडणुकीचं वर्ष असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास कोरडे असतात, म्हणजे दारूविक्री बंद असते, ही तारीख आधी बघून घ्या. गाडीचा अॅडव्हान्स देऊन झाल्यावर हे लक्षात आलं तर उपयोग नाही.

भट्टीवर काय चालतं

हे माहीत असेल तर फोनवर काय विचारायचं ते कळतं, म्हणून थोडं सविस्तर.

बोंडू गोळा करून बी पिरगळून काढतात. मग दगडात कोरलेल्या किंवा सिमेंटच्या उथळ टाकीत बोंडू पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रही असतं. रस वाहून गेल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग करून तो वेलीने किंवा दोरीने आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. त्यातून जो स्वच्छ रस थेंबथेंब झिरपतो तो निरो. ताजा निरो गोड, किंचित तुरट आणि थंड असतो, आणि त्यात दारू नसते. तुमच्यातल्या न पिणाऱ्यांसाठी, गाडीच्या ड्रायव्हरसाठी हा दिवसातला सगळ्यांत छान घोट आहे. मात्र तो सकाळचाच प्यावा. उन्ह चढलं की दुपारपर्यंत फसफसायला लागतो.

तुडवलेला रस मोठ्या भांड्यांत साधारण तीन दिवस आंबू देतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, फळावर असतं तेच काम करतं. मग तो भाणात, म्हणजे मातीच्या किंवा तांब्याच्या मोठ्या हंड्यात, घालून खाली लाकडाचा जाळ करतात. भाणाचं तोंड आणि नळीचा सांधा चिखलाने, बहुतेकदा वारुळाच्या मातीने, लिंपलेला असतो. तिथे जरा वाकून बघा: माती वाळून तडा गेला की त्यातून वाफेची बारीक रेघ दिसते आणि भट्टीवाला लगेच ओला हात फिरवून ती बुजवतो. ती रेघ म्हणजे उडून जाणारं अल्कोहोल, आणि शेजारीच जाळ. वाफ दुसऱ्या भांड्यात जाते, त्याला लावणी म्हणतात. ते भांडं पाण्याने सतत थंड ठेवतात आणि वाफेचं पाणी होऊन खाली गळतं.

पहिल्यांदा गळतो तो उर्राक, अंदाजे 15 टक्के. हा उर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भाणात चढवला की फेणी निघते, 40 ते 45 टक्के. बाटलीवर पुष्कळदा 42.8 लिहिलेलं दिसेल. जुने लोक टक्क्यांत बोलत नाहीत, 'ग्राव'मध्ये बोलतात. काचेचं मोजमाप द्रवात तरंगवून ते बघतात. तुमच्यासमोर मोजायला सांगा, आनंदाने दाखवतील. उंचावरून करवंटीत धार सोडून फेस किती वेळ टिकतो तेही दाखवतात. फेणी हे नाव त्या फेसावरूनच पडल्याचं सांगतात.

आदल्या संध्याकाळचा फोन

भट्टी ठरवताना दोन फोन लागतात. एक दहा-बारा दिवस आधी, दुसरा आदल्या संध्याकाळी. पहिल्या फोनवर भट्टीला चालू हंगामाचा परवाना आहे ना आणि पाहुण्यांना चाखायला देता येतं ना, हे सरळ विचारा. त्यात संकोच नको. परवाना असलेला माणूस लगेच सांगतो, नसलेला विषय बदलतो. चौदा माणसं एकदम आली तर चालतील का, की सात-सात करून, हेही विचारून घ्या.

दुसऱ्या फोनवर तीनच प्रश्न. उद्या भाण चढणार आहे का? किती वाजता जाळ लागेल? बोंडू तुडवायचं काम सकाळी की दुपारी? एवढं कळलं की पोचायची वेळ आपोआप ठरते. सत्तरीत मराठी सर्रास चालते, आणि मालवणीत 'फाल्या (उद्या) भट्टी चालू आसा मा?' असं विचारलंत तर समोरचा जास्त मोकळेपणाने बोलतो. उत्तर 'बघूया' असं आलं तर त्याचा अर्थ नाही असा घ्या आणि दुसरी भट्टी शोधा. दोन भट्ट्यांचे नंबर हाताशी असलेच पाहिजेत.

भट्टी ही कुणाची तरी रोजंदारी आहे. चौदा माणसं दोन तास उभी राहिली की काम रखडतं. त्यामुळे पैशांचं आधी बोला. भट्टी दाखवण्याचे घेत नसतील तर निरो, उर्राक, काजूगर तिथूनच विकत घ्या आणि रोख द्या. आतल्या गावांत नेटवर्क जातं, मोबाइलवरून पैसे जाता जात नाहीत आणि निघायला अर्धा तास उशीर होतो.

गाडी आणि ड्रायव्हर

चौदा जणांना सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. तेरा सीटमध्ये कोंबून बसलात तर परतीला ज्याला गाडी लागते त्याला पुढे घ्यायला जागा राहत नाही. गाडी राज्याबाहेर जाणार आहे, म्हणून मालकाला ऑल इंडिया टुरिस्ट परमिटचा कागद विचारा आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेऊ नका. ती भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

ड्रायव्हरने दिवसभर एक थेंबही घ्यायचा नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मर्यादेचा हिशेब करत बसायचंच नाही. गाडी ठरवतानाच मालकाला आणि ड्रायव्हरला दोघांनाही हे सांगा, आणि गटातही सांगा. चूक बहुतेकदा ड्रायव्हरची नसते. दुपारी जेवताना आपल्यातलाच कुणी 'घे रे एक घोट, काय होत नाही' म्हणतो, तिथून सुरुवात होते. त्याचं जेवण, चहा, निरो गटाच्या खर्चात धरा आणि भत्ता ठरलेल्यापेक्षा थोडा जास्त द्या. चौदा जणांचा जीव त्याच्या हातात आहे.

ड्रायव्हरशिवाय गटातल्या आणखी एकाने त्या दिवशी प्यायचं नाही. हिशेब, माणसं मोजणं, पाणी देणं, कुणाला बरं वाटत नसेल तर त्याच्याजवळ थांबणं ही कामं त्याची. प्रत्येक सहलीला माणूस बदला, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही.

दिवस कसा मांडायचा

थांबे दोनच ठेवा. एक भट्टी, एक चाखण्याची खोली किंवा संग्रहालय, मध्ये निवांत जेवण. तीन-चार ठिकाणं घेतली की दिवस गाडीतच जातो, जेवण तीन वाजता होतं आणि शेवटच्या जागी कुणाला चवच कळत नाही.

सकाळी सहाला सावंतवाडी सोडा. सहा म्हणजे गाडी सुटायची वेळ, जमायची साडेपाच. बांद्यावरून दोडामार्ग, तिथून साळ, साखळी, वाळपई असा रस्ता धरला की सव्वाआठच्या सुमारास सत्तरीत पोचता. दोडामार्गला चहा आणि स्वच्छतागृह उरकून घ्या. भट्टीवर बायकांसाठी सोय असेलच असं नाही, आणि हा प्रश्न ऐन वेळी विचारायची वेळ कुणावर येऊ नये.

साडेआठ ते साडेदहा भट्टी. मग वाळपईहून साखळी, डिचोली, म्हापसा. बाराच्या सुमारास म्हापशात जेवण, सव्वा तास. पावणेदोनला कांदोळी. तिथे 'ऑल अबाउट अल्कोहोल' हे 2021 मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे. जुने काचेचे गाराफांव, म्हणजे फेणी साठवायचे पोटफुगे मोठे बुधले, मोजमापं, पेले असं बरंच काही तिथे मांडलेलं आहे. सकाळी प्रत्यक्ष भट्टी पाहून आलेल्या माणसाला त्या वस्तूंकडे बघताना अर्थ लागतो, म्हणून क्रम असाच ठेवा. उलट केलंत तर भट्टीवर भर उन्हात पोचाल आणि निरो आंबलेला असेल. चाखण्याची सोय त्या दिवशी आहे का, तिकिटात आहे की वेगळी, चौदा जणांना एकदम घेतील का, हे आधी फोन करून ठरवा. साडेतीनला तिथून बाहेर, चहा, आणि चारला परतीचा रस्ता: म्हापसा, पेडणे, पत्रादेवी, बांदा. साडेसहाच्या आत सावंतवाडी, उजेड असताना.

हंगाम नसताना जायचं असेल तर दक्षिण गोव्याकडे वळा. कासावलीत काझुलो फेणीचं तळघर आहे, जिथे गाराफांवांच्या रांगा ठेवलेल्या असतात. कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्टचं अभ्यागत केंद्र आहे. दोन्हीकडे आधी नाव नोंदवूनच जा. हा दिवस लांबचा आहे, म्हणून त्यात उत्तर गोव्यातलं काहीही घुसवू नका. कांदोळी आणि कुंकळ्ळी एका दिवसात करायला गेलेला गट रात्री दहाच्या आत घरी येत नाही. गट सहा-आठ जणांचा असेल तर कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडहून मडगाव गाठून तिथून गाडी करणं सोयीचं पडतं.

किती घ्यायचं, त्याचं गणित

वाइन 12-13 टक्के असते, फेणी तिच्या तिप्पट तेज. वाइनच्या सवयीने पेला भरला की फसगत होते. साधा हिशेब लक्षात ठेवा: 42.8 टक्क्यांच्या 30 मिलिलिटर फेणीत सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. सुदृढ माणसाच्या शरीराला एवढं पचवायला साधारण एक तास तरी लागतो, कित्येकांना जास्त.

म्हणून भट्टीवर माणशी 60 मिलिलिटर उर्राक, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम. दुपारी चार प्रकार, प्रत्येकी 10 मिलिलिटर, म्हणजे फार तर साडेतेरा ग्रॅम. दिवसभरात वीस-एकवीस ग्रॅम, दोन लहान पेगांएवढं. जेवताना काही घ्यायचं नाही. चव समजायला एवढं भरपूर आहे. तुम्हीच कुठे खासगी जागेत चाखण्याची मांडणी करणार असाल तर चार प्रकार गुणिले दहा गुणिले चौदा म्हणजे 560 मिलिलिटर, प्रत्येक प्रकार 140. 750 ची एक बाटली पाऊणशे घोटांना पुरते, त्यामुळे प्रत्येक प्रकाराच्या दोन-दोन बाटल्या घ्यायचा मोह टाळा. उरलेली बाटली संपवायची म्हणून संपवली जाते, आणि दिवस तिथेच बिघडतो.

भट्टीवर नळीखाली पेला धरून गरम धार पिऊ नका. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरतात, पण सुरुवातीला गळतं ते सगळ्यांत तेज असतं आणि जे नको असलेले हलके घटक असतात तेही त्यातच आधी येतात. मोजून, मिसळून, थंड झालेलंच घ्या.

गोव्यात पिण्याचं कायदेशीर वय 21 आहे. गटात कॉलेजची मुलं असतील तर त्यांना निरो. गरोदर बाई, मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडाझोलसारखं औषध चालू असलेले, यांनी अजिबात घेऊ नये. हे सगळ्यांसमोर विचारू नका. दोन दिवस आधी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा आणि 'मी घेणार नाही' एवढंच उत्तर पुरे म्हणा, कारण सांगायची सक्ती नको.

चाखायचं कसं

त्या दिवशी अत्तर नको, डास पळवायचं मलमही हाताला नको. फेणीचा वास हाच तिचा अर्धा जीव आहे आणि तो दुसऱ्या वासाखाली दबतो. क्रम असा: आधी उर्राक, मग माडाची फेणी, मग काजूची, शेवटी दुक्शिरी, जी अनंतमुळाच्या मुळ्या घालून केलेली असते. दुक्शिरी आधी घेतली तर तिची औषधी गोडसर चव जिभेवर बसते आणि पुढचं सगळं तिच्यासारखंच लागतं.

तोंडाशी अरुंद होणारा लहान पेला घ्या. सरळ नाक घालू नका, डोळ्यांत पाणी येईल. पेला आधी छातीपाशी धरा, मग हनुवटीपाशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. चांगल्या काजू-फेणीत पिकल्या बोंडूचा वास अगदी ओळखू येतो, मागून अननसासारखं काहीतरी. अर्धा चमचा घोट जिभेवर पसरू द्या, गिळा आणि मग नाकाने श्वास सोडा. चव त्या श्वासात कळते. त्यानंतर पेल्यात चार-पाच थेंब पाणी टाका आणि पुन्हा वास घ्या. जळजळ मागे सरते आणि फळ पुढे येतं. प्रत्येकाला थुंकायला एक रिकामा पेला द्या आणि तो वापरणं कमीपणाचं नाही हे सुरुवातीलाच सांगून टाका. दोन प्रकारांमध्ये साधं पाणी आणि मीठ-मसाला न लावलेला पोईचा, म्हणजे गोव्याच्या पावाचा, तुकडा. खारे काजू, लोणचं, शेव हे सगळं चाखणं झाल्यावर.

उर्राकचं तंत्र वेगळं आहे. तो लिंबाच्या सोड्यात किंवा लिमकात घालून, वर लिंबाची फोड, चिमूट मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची टाकून घेतात. पण आधी दोन घोट नुसते घ्या. सोडा घातल्यावर तो सरबतासारखा जातो, आणि एप्रिलच्या उन्हात तहान म्हणून प्यायला जातो, हाच त्याचा धोका. तहान पाण्यानेच भागवा.

पोट, पाणी, कपडे

रिकाम्या पोटी कुणालाही चाखू देऊ नका. सकाळी निघताना घरून घावणे, उसळ, उकडलेली अंडी असं पोटभर खाऊन किंवा डबा घेऊन या. उकड्या तांदळाची पेज पचायला उत्तम, पण गाडी लागणाऱ्यांनी ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. दुपारी भात, आमटी, मासे आणि सोलकढी असं साधं जेवण. तिखट शाकुती चाखण्याआधी खाल्ली तर जीभ तासभर कामाची राहत नाही, ती परतीच्या वाटेवरच्या पोटपूजेला ठेवा. पाणी माणशी दोन लिटर धरा, म्हणजे 20 लिटरचे दोन जार. सोबत ओआरएसची दहा पाकिटं आणि कागदी पिशव्या.

बोंडूच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही. धुतल्यावर तो आणखी गडद होतो. तुम्ही कोकणातले, तुम्हाला हे ठाऊक आहे, पण मुंबईहून पाहुणे येणार असतील तर त्यांना पांढरे कपडे घालू नका असं आधी कळवा. तुडवायच्या टाकीजवळची जमीन निसरडी असते, म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट. कच्च्या काजूबीला हात लावू नका, सालीतल्या चिकाने कातडी भाजते. भाणाजवळ सिगारेट पेटवायची नाही आणि लहान मुलांना जाळापासून दूर ठेवायचं. काम करणाऱ्यांचे फोटो विचारून काढा.

कुणाला जास्त झालीच तर जबरदस्तीने ओकायला लावू नका आणि काळी कॉफीही पाजू नका. तिने दारू उतरत नाही. सावलीत कुशीवर निजवा, एक जण शेजारी बसा. हाक मारून उठत नसेल, श्वास फार हळू किंवा थांबून-थांबून चालला असेल, ओठ निळे पडत असतील तर 108 ला फोन करा, तो नंबर गोव्यातही चालतो.

परतीचा नाका

दारू गोव्यात स्वस्त, म्हणून निघताना प्रत्येकाला एक बाटली घ्यावीशी वाटते. घेऊ नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, मग ती एक सीलबंद बाटली का असेना. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या थांबवून बघतात, आणि माल सापडला तर माणसाबरोबर गाडीही जप्त होते. एकाच्या बॅगेतल्या बाटलीसाठी तेरा जण रात्री नाक्यावर अडकतात आणि ड्रायव्हरची रोजीरोटी बंद पडते. कांदोळीतून निघण्याआधी हे पुन्हा एकदा मोठ्याने सांगा आणि कुणी घेतली असेल तर तिथेच परत करायला लावा. गाडीत उघडी बाटली नको, आणि वाटेत किनाऱ्यावर उतरून उघड्यावर पिणंही नको. गोव्यात त्याला दंड आहे.

घरी न्यायला दोदोल, बेबिंका, माडाचं व्हिनेगर, सत्तरीतले काजूगर घ्या. निरो न्यायचा असेल तर बाटलीचं बूच सैल ठेवा आणि बर्फाच्या पेटीत उभी ठेवा. घट्ट लावलेलं बूच डिचोली येईपर्यंत उडतं आणि सगळी गाडी चिकट होते.

पैशांचे दोन वेगळे हिशेब ठेवा. गाडी, ड्रायव्हरचा भत्ता, पार्किंग, जेवण आणि पाणी हे सगळ्यांत सारखं. चाखण्याचं तिकीट आणि उर्राक फक्त घेणाऱ्यांत. समजा गाडीचे एकूण 9,800 झाले तर चौदा जणांत माणशी 700, आणि न पिणाऱ्याला त्यावर फक्त जेवणाचे. पैसे निघण्याआधी गोळा करा, दहा टक्के जास्त घ्या, आणि उरलेले त्याच रात्री मोती तलावावर गाडीतून उतरण्याआधी परत द्या. सीटखाली राहिलेल्या चपला, मोबाइल, काजूच्या पिशव्याही तेव्हाच बघून घ्या.